अस्वस्थ पायांचा आजार आणि जाणता वैद्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात, आदिलाबाद येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, याबद्दल आम्ही कार्यकारी मंडळाचे ऋणी आहोत. अशा वेळी संस्थेच्या कार्याचा गौरव करावा ही रीत आहे. तो गौरव आमच्यापूर्वी बोललेल्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केला आहे. म्हणून आम्ही त्याची पुनरुक्ती न करता, दिसावयास क्षुल्लक पण सोसावयास फार कठीण अशा एका व्याधीविषयी बोलणार आहोत. आम्ही स्वतः डॉक्टर नाही. ट्रस्टच्या वैद्यकीय साहाय्याच्या कामात रोग्यांबरोबर दवाखान्यांचे उंबरठे झिजविताना, आणि जाणत्या डॉक्टरांना विचारून व वाचून, जे समजले ते आपणांपुढे ठेवतो.

दिवसभर कामात असताना या रोग्यास काहीही होत नाही. सायंकाळ उलटली, रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की पोटऱ्यांच्या आत खोलवर काहीतरी वळवळू लागते. ती धड वेदनाही नसते आणि धड खाजही नसते. पाय हलविल्यावाचून राहवत नाही. उठून चार पावले चालले की बरे वाटते. पुन्हा आडवे झाले की पुन्हा तेच. मध्यरात्र अशी अंगणात फेऱ्या घालण्यात जाते आणि पहाटे कुठे डोळा लागतो. ज्या बाईला कापसाच्या वेचणीच्या दिवसांत पहाटे उठून भाकरी थापून शेतावर जावयाचे आहे, तिची ही स्थिती महिनोन्‌महिने राहिली तर संसाराची काय अवस्था होत असेल, याची कल्पना आपण करावी. शिवाय दिसण्यासारखे काहीच नाही! सूज नाही, जखम नाही, ताप नाही. मग घरचे म्हणतात, हिला कामाचा कंटाळा आहे. शेजारचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. आणि कोणी म्हणतो, बाहेरची बाधा असावी.

या व्याधीस इंग्रजीत ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ असे नाव आहे. आपण तिला ‘अस्वस्थ पायांचा आजार’ म्हणू. हा नव्या काळाचा शोध नव्हे. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज वैद्याने १६७२ मध्येच आपल्या लॅटिन ग्रंथात अशा रोग्यांचे वर्णन करून ठेवले होते. पुढे स्वीडनमधील कार्ल-अॅक्सेल एकबॉम या मज्जाविकारतज्ज्ञाने १९४५ मध्ये त्यावर सविस्तर प्रबंध लिहिला आणि व्याधीला तिचे नाव दिले. त्याच देशातील नॉर्डलँडर या डॉक्टराने १९५३ च्या सुमारास शिरेतून लोह देऊन रोगी बरे होतात असे दाखविले. म्हणजे नाव आणि एक मोठा उपाय, दोन्ही जगाला मिळून सत्तर वर्षे होऊन गेली. तरीही आमच्या पाहण्यातले कित्येक रोगी आपल्या व्याधीचे नाव न ऐकताच पाच-पाच, दहा-दहा वर्षे काढतात. असे का व्हावे, हाच आजच्या आमच्या बोलण्याचा विषय आहे.

पहिले कारण असे की, या व्याधीची खूण यंत्रात सापडत नाही, रोग्याच्या सांगण्यात सापडते. क्ष-किरणात ती दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही, नसांच्या डॉप्लर तपासणीत दिसत नाही. निदान करावयाचे ते चार प्रश्न विचारून. पाय हलविण्याची अनावर ओढ लागते काय? बसल्या-निजल्या स्थितीत ती सुरू होते वा वाढते काय? चालल्याने, पाय ताणल्याने, निदान ते चालू असेपर्यंत तरी, आराम पडतो काय? आणि सकाळपेक्षा सायंकाळी व रात्री त्रास अधिक असतो काय? चारही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ आले, आणि दुसऱ्या कोणत्या विकाराने हे सर्व होत नाही याची डॉक्टरांनी खात्री केली, की निदान झाले. यास पैसा लागत नाही. लागतो तो पाच मिनिटांचा निवांत वेळ आणि ऐकून घेणारा कान.

दुसरे कारण आपल्या या प्रदेशाचे आहे. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानाच्या वारशातील राज्यात होतो, पुढे आंध्र प्रदेशात गेलो, २०१४ पासून तेलंगणात आहोत, आणि २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सरहद्दी बदलल्या, तरी बेला, जैनथ, तामसी या बाजूच्या घरांतील बोली मराठीच राहिली. दवाखान्यात मात्र डॉक्टर बहुधा तेलुगू बोलणारा असतो, आणि मध्ये नर्स किंवा सोबतचा माणूस हिंदीत दुभाष्याचे काम करतो. आता या व्याधीचे सर्व निदान शब्दांवर अवलंबून, आणि शब्दांचा हा असा प्रवास!

आपल्या मराठीत पायांच्या दुखण्याला केवढे बारीक शब्द आहेत ते पाहा. मुंग्या येणे वेगळे, पाय बधिर होणे वेगळे, गोळा येणे वेगळे, आग होणे वेगळे, ठणकणे वेगळे. आणि ‘पायांना चैन पडत नाही, पाय कुठे ठेवू असे होते’ हे तर अगदीच वेगळे. हे शेवटचे वाक्य म्हणजेच आपली व्याधी. पण आमच्या आयाबहिणी ते वाक्य डॉक्टरांपुढे बोलत नाहीत. हे काय सांगण्यासारखे आहे, असे त्यांना वाटते. मग त्या नुसते म्हणतात, ‘पाय दुखतात.’ तेलुगूत त्याचे ‘काळ्ळ नोप्पुलु’ होते, आणि चिठ्ठीवर वेदनाशामक गोळी येते. एखादीने ‘मुंग्या येतात’ म्हटले तर त्याचे ‘तिम्मिर्लु’ होते, म्हणजे बधिरता आणि झिणझिण्या, आणि चिठ्ठीवर बी-जीवनसत्त्वाच्या गोळ्या येतात. डॉक्टरांस यात दोष देता येत नाही. जे त्यांच्या कानी पडले त्याचेच औषध त्यांनी दिले.

आमच्या ओळखीच्या एका प्रौढ भगिनीची हकीकत सांगतो. नावगावाची आवश्यकता नाही. रात्री मुलांना पोटऱ्यांवर उभे करून पाय तुडवून घ्यावे, पोटऱ्यांना फडके करकचून बांधावे, तेव्हा कुठे तिला घटकाभर झोप लागे. तीन वर्षांत तिने अनेक दवाखाने पाहिले. वेदनाशामके झाली, सलाईन झाले, कंबरेचा एमआरआयही झाला. एका ठिकाणी झोपेसाठी म्हणून अॅमिट्रिप्टिलिन नावाची गोळी मिळाली, आणि त्यानंतर तिचा त्रास वाढला. शेवटी एका साध्या फिजिशियनने तिला विचारले, ‘चालल्यावर कसे वाटते?’ ती म्हणाली, ‘चालले की काहीच नसते.’ तेथे गाठ सुटली. रक्तातील लोहाचा साठा तपासला, तो फार कमी निघाला. लोह सुरू केले, ती झोपेची गोळी हळूहळू बंद केली, आणि काही महिन्यांनी मुलांना पाय तुडविण्याच्या कामातून सुट्टी मिळाली. ज्याने तिला बरे केले तो या रोगाचा कोणी विशेषज्ञ नव्हता. त्याला नेमका प्रश्न ठाऊक होता, इतकेच.

आता या लोहाविषयी थोडे विस्ताराने सांगणे इष्ट आहे, कारण अर्धे उपचार तेथेच आहेत. या व्याधीत मेंदूच्या ठराविक भागांस लोह अपुरे पडते, आणि त्यामुळे डोपामिन नावाच्या रसायनाचे कार्य बिघडते, असे आज मानले जाते. रात्री त्रास वाढतो त्याचेही नाते या रसायनाच्या दिवस-रात्रीच्या चढउताराशी लावतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हिमोग्लोबिन ठीक असले म्हणजे लोह ठीक आहे असे नाही. हिमोग्लोबिन म्हणजे बाजारात आलेला माल, आणि साठा म्हणजे कोठारातला. कोठार रिकामे होत आले तरी बाजार काही दिवस भरलेला दिसतो. कोठाराची तपासणी म्हणजे ‘सीरम फेरिटिन’, आणि तिच्या जोडीला ‘ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन’. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिन २० किंवा २५ नॅनोग्रॅम आले तरी पुढे ‘नॉर्मल’ असे छापलेले असू शकते. पण या व्याधीपुरता हिशेब निराळा आहे. प्रौढ रोग्याचे फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असल्यास लोह द्यावे, असे तज्ज्ञांचे मत आहे. ७५ ते १०० च्या दरम्यान असल्यास शिरेतून लोह देण्याचा विचार होतो. तपासणी सकाळी करावी. अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते, म्हणून तो उतरल्यावर करावी.

तोंडाने घ्यावयाच्या लोहाच्या गोळ्यांस दोन-तीन महिने लागतात. आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नयेत. गोळीबरोबर चहा घेऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळा घेतल्यास मदत होते. साठा का आटला याचाही शोध घ्यावा. स्त्रियांत मासिक रक्तस्राव जास्त असणे, अनवाणी शेतात वावरल्याने होणारे आकडीकृमी, मूळव्याध, पोटातील व्रण, अशी कारणे असू शकतात.

मात्र या जिल्ह्यात एक सावधगिरी अगत्याची आहे. आपल्या गोंड व कोलाम बांधवांत, आणि पलीकडे विदर्भातही, सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो. ज्या रोग्यास वारंवार रक्त चढवावे लागते, त्याच्या शरीरात लोह कमी नसून उलट फाजील साठलेले असू शकते. त्याला शिवाय लोह देणे म्हणजे अपाय करणे होय. तेव्हा आमचे बोलणे ऐकून कोणीही परस्पर दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून खाऊ नयेत. आधी तपासणी, मग डॉक्टरांचा सल्ला, मग गोळी, हाच क्रम ठेवावा.

काही औषधे ही व्याधी वाढवितात, हेही रोग्यास ठाऊक असावे. उलटी थांबविण्यासाठी दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड व प्रोक्लोरपेरेझिन. सर्दी-खाजेवरील गुंगी आणणाऱ्या फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन यांसारख्या गोळ्या. मानसिक विकारांवरील कित्येक औषधे, आणि नैराश्यावरील बरीचशी औषधे, ही त्यांत येतात. यांपैकी कोणतेही नित्याचे औषध आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांस विचारून बदलून घ्यावे. मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांत, विशेषतः डायलिसिसवरील रोग्यांत, ही व्याधी बरीच आढळते. गरोदर स्त्रियांत शेवटच्या तीन महिन्यांत ती उद्भवते आणि बाळंतपणानंतर बहुधा आपोआप निघून जाते. अशा भगिनीस धीर द्यावा, आणि तिच्या लोहाची तपासणी अवश्य करावी.

आता औषधांकडे वळू. येथे जाणता आणि अजाणता वैद्य यांतील फरक सर्वांत जास्त जाणवतो. २००५ आणि २००६ मध्ये अमेरिकेत रोपिनिरोल आणि प्रामिपेक्सोल या गोळ्यांना या व्याधीसाठी मान्यता मिळाली. त्या डोपामिनसारखे काम करतात, आणि पहिल्या रात्रीपासून जादू झाल्यासारखा गुण देतात. पण काही काळाने, कित्येकांत, उलटा प्रकार सुरू होतो. रात्री दहाला येणारा त्रास सायंकाळी पाचला येऊ लागतो, मग दुपारी येतो, पायांतून हातांत शिरतो. रोग्यास वाटते आजार वाढला, म्हणून मात्रा वाढविली जाते, आणि त्याने त्रास आणखी वाढतो. यास इंग्रजीत ‘ऑगमेंटेशन’ म्हणतात. १९९६ पासून वैद्यकास हे माहीत आहे. शिवाय काही रोग्यांस या गोळ्यांनी जुगाराचा किंवा अतोनात खरेदीचा नाद लागतो. तो स्वभावाचा दोष नसून औषधाचा परिणाम असतो, हे घरच्यांनी ओळखावे. या कारणांमुळे अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीने २०२५ च्या मार्गदर्शनात या गोळ्या सरसकट वापरू नयेत असे सुचविले. त्याऐवजी गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन यांस, आणि साठा कमी असल्यास शिरेतून देण्याच्या लोहास, अग्रस्थान दिले. गॅबापेंटिन-प्रिगॅबालिननेही गुंगी व भोवळ येते, आणि मूत्रपिंड दुबळे असल्यास मात्रा कमी करावी लागते. ज्यांना आधीच प्रामिपेक्सोल चालू आहे त्यांनी ती एकाएकी सोडू नये, सोडल्यास त्रास असह्य होतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी.

मग जाणता वैद्य ओळखावा कसा? आमच्या मते पाटीवरील पदव्या मोजण्यापेक्षा चार खुणा पाहाव्यात. तो त्रासाची वेळ विचारतो, आणि चालल्यावर काय होते ते विचारतो. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे मागून पाहतो. फेरिटिन तपासावयास सांगतो, आणि ‘नॉर्मल’ या छापील शब्दावर न थांबता आकडा वाचतो. आणि डोपामिनची गोळी द्यावयाची झाल्यास तिचा पुढचा धोका आधी सांगतो. या चार खुणा ज्याच्या ठायी दिसतील त्याला धरून राहावे, मग तो तालुक्याचा साधा डॉक्टर का असेना. पहिली खूण आहे पण बाकीची माहिती नाही, असाही डॉक्टर वाईट नव्हे. त्याच्यापुढे आपली माहिती नम्रपणे ठेवावी. ‘डॉक्टरसाहेब, हा अस्वस्थ पायांचा आजार असेल काय? फेरिटिन पाहावे काय?’ इतके विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

प्रारंभ आदिलाबादेतच करावा. येथे २००८ पासून राजीव गांधी वैद्यकीय संस्था, आपण जिला ‘रिम्स’ म्हणतो ती, उभी आहे. तेथील औषधवैद्यक विभागात हे चार प्रश्न आणि ही रक्ततपासणी यांपासून सुरुवात करता येते. पाय बधिर असणे, शक्ती कमी होणे, मूत्रपिंडाचा विकार असणे, रोगी लहान मूल असणे, किंवा औषधाने त्रास उलट वाढणे, असे काही असेल तर मज्जाविकारतज्ज्ञाकडे जावे. हैदराबादेस निझाम इन्स्टिट्यूट आहे, नागपुरास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे. हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, नागपूर सुमारे २००. नागपुरास आपली भाषा समजते ही सोय मोठी; पण राज्य बदलल्याने सरकारी योजनेचे कार्ड तेथे चालेल की नाही, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. या रोग्यास रात्रीच्या बसमध्ये सहा-सात तास बसवून नेणे ही शिक्षाच आहे. सकाळची गाडी धरावी, वाटेच्या बाजूची जागा घ्यावी, म्हणजे मधून मधून उठता येते.

घरच्यांनी काय करावे? सायंकाळनंतर दारू, शिंदी, तंबाखू यांपासून रोग्यास दूर ठेवावे. चहा कमी करून गुण येतो काय ते पाहावे. निजण्यापूर्वी थोडे चालणे, पोटऱ्या ताणणे, कोमट पाण्यात पाय ठेवणे, चेपून घेणे, यांनी कित्येकांना बरे वाटते. सगळ्यांत मुख्य म्हणजे त्या माणसाचे म्हणणे खरे मानावे. ही व्याधी पुष्कळदा एकाच घराण्यात चालत येते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक असते. तेव्हा आई रात्री फेऱ्या घालीत असे आणि आता मुलगीही घालते, असे दिसले तर मुलीस आईच्या वाटेने वीस वर्षे चालू देऊ नये.

शेवटी विश्वस्त मंडळींपुढे एक विनंती. आपल्या ट्रस्टने एक लहानसे छापील कार्ड काढावे. त्यावर ते चार प्रश्न मराठीत, त्यांखाली तेलुगूत आणि हिंदीत असावेत. रोग्याने ‘होय’ वा ‘नाही’ अशी खूण करून ते डॉक्टरांपुढे ठेवावे. मागच्या बाजूस चालू औषधांची नावे आणि फेरिटिनचा आकडा लिहिण्यास जागा असावी. आपल्या घरांतील मुले तेलुगू माध्यमाच्या शाळांतून शिकत आहेत. भाषांतर तीच करतील, आणि छापण्यापूर्वी एखाद्या डॉक्टरांकडून ते तपासून घ्यावे. गोंडी बोलणाऱ्या शेजाऱ्यांना ते वाचून दाखविण्याचे कामही या मुलांनी अंगावर घ्यावे. छपाईचा खर्च थोडा आहे. एका अनावश्यक एमआरआयला जेवढे रुपये जातात तेवढ्यात गावोगाव पुरतील इतकी कार्डे निघतील. गरजू रोग्यांच्या फेरिटिन तपासणीचा खर्च वैद्यकीय निधीतून करता आल्यास फारच उत्तम.

पन्नास वर्षांत या संस्थेने विद्यार्थ्यांना पुस्तके दिली, रोग्यांना औषधे दिली. आता डॉक्टरांपुढे आपले दुखणे नीट सांगता येईल असे साधनही तिने द्यावे, अशी आमची प्रार्थना आहे.